गव्हातलं झिंक : माती, खत आणि डॉक्टर एकत्र आले तेव्हा

शेतीतल्या तंत्रज्ञानावर लिहा असं वाचक कळवतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेकदा ड्रोन, सेन्सर नाहीतर एआय असतं. मी आज ज्याबद्दल लिहिणार आहे ते कृषी सेवा केंद्रात पिशवीत मिळतं, दिसायला मिठासारखं असतं आणि त्याला चार्जिंग लागत नाही. झिंक सल्फेट. मराठीत जस्त, पण शेतकरी झिंकच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

ही पावडर पिकाला कधी, किती आणि कशी द्यायची हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण ते ठरवायला मृदाशास्त्रज्ञ, वाण तयार करणारे पैदासकार, खत कारखाने आणि डॉक्टर यांना एका टेबलाशी बसावं लागलं. यातल्या प्रत्येकाकडे कोड्याचा एक तुकडा होता आणि बराच काळ कुणी दुसऱ्याचा तुकडा बघितलाच नव्हता. संशोधनातली भागीदारी म्हणजे काय, ती नेमकी कुठे कामाला येते आणि कुठे अडते, हे समजून घ्यायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. यातला मोठा भाग तुर्कस्तानात घडला. पण आधी थोडं झिंकबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जमिनीत आहे, पण पिकाला मिळत नाही

वनस्पतींना झिंक लागतं हे ॲना सॉमर आणि चार्ल्स लिपमन यांनी 1926 मध्ये दाखवून दिलं. लागतं ते अगदी थोडं. किती थोडं, याचा हिशोब करून बघा. एकरी 16 क्विंटल गहू निघाला आणि दाण्यात किलोमागे 27 मिलिग्रॅम झिंक असेल, तर त्या सगळ्या गव्हात मिळून जेमतेम 43 ग्रॅम झिंक असतं. मूठभर. तरी ते नसेल तर पिकातली कितीतरी एन्झाइम्स काम करत नाहीत, वाढीचं संप्रेरक नीट तयार होत नाही, कांडी आखूड राहते, पानं लहान राहतात, गव्हाच्या मधल्या पानांवर करपल्यासारखे चट्टे पडतात.

आता गंमत अशी की बहुतेक जमिनींत झिंक असतंच. अडचण विरघळण्याची आहे. जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, एका अंकाने वाढला की झिंकची विद्राव्यता साधारण शंभर पटीने घटते. सामू 6 असलेली जमीन आणि 8 असलेली जमीन यांत दहा हजार पटींचा फरक! त्यात चुनखडी जास्त, सेंद्रिय पदार्थ कमी आणि वरचा थर कोरडा असेल तर मुळापर्यंत झिंक पोहोचणं आणखी कठीण होतं. कारण झिंक मातीत पाण्याच्या पातळ थरातून हळूहळू सरकत मुळाकडे जातं, पाणी आटलं की ते जागच्या जागी थांबतं. वरून स्फुरद भरमसाट टाकलं तर ताण आणखी वाढतो. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनींचं हे वर्णन आहे असं वाटलं ना? आहेच. भारतातल्या एक तृतीयांशाहून जास्त माती नमुन्यांत झिंक कमी आढळतं आणि महाराष्ट्रही याला अपवाद नाही.

तराईतला "रोग" जो रोग नव्हता

या गोष्टीचा पहिला तुकडा भारतातला आहे. हिमालयाच्या पायथ्याला तराईच्या पट्ट्यात भाताची पानं कात केल्यासारखी तपकिरी व्हायची. काताला हिंदीत खैर म्हणतात, म्हणून याचं नाव पडलं खैरा. सगळे याला रोग समजत होते, आणि रोग म्हटल्यावर तो तपासायला आले रोगशास्त्रज्ञ. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातले डॉ. यशवंत लक्ष्मण नेने. त्यांनी 1966 मध्ये सांगितलं की हा बुरशीचा किंवा जिवाणूचा प्रकार नाही, ही झिंकची कमतरता आहे. शेतातल्या भातावर झिंकची कमतरता जगात पहिल्यांदा नोंदली गेली ती इथे. उपाय होता झिंक सल्फेट आणि चुन्याची फवारणी.

पुढच्याच वर्षी, 1967 साली, भारतीय कृषी संशोधन परिषदेने सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी अखिल भारतीय समन्वित योजना सुरू केली. वेगवेगळ्या राज्यांतली केंद्रं, एकच पद्धत, आणि सगळ्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील अशी रचना. महाराष्ट्रातलं तिचं केंद्र अकोल्याला, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. मातीतलं पिकाला मिळू शकणारं झिंक मोजायला डीटीपीए नावाचं रसायन वापरतात. ती पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल या अमेरिकन शास्त्रज्ञांची. माती परीक्षणाच्या अहवालात झिंकपुढे 0.6 पीपीएमच्या खालचा आकडा दिसला आणि शेजारी "कमी" असं लिहिलेलं असलं, तर ते याच पद्धतीतून आलेलं असतं.

म्हणजे भारताकडे माती आणि पीक हे दोन तुकडे लवकर आले. तिसरा तुकडा, माणूस, मात्र त्या काळी वेगळ्याच खोलीत होता.

शिराझचा डॉक्टर

डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारचे, वैद्यकीय शिक्षण पाटण्याला आणि पुढे अमेरिकेत. 1958 मध्ये ते इराणमधल्या शिराझला गेले. तिथे त्यांच्यासमोर एक रुग्ण आला, वय 21 वर्षं, दिसायला दहा वर्षांचा मुलगा. रक्त कमी, वाढ खुंटलेली, वयात आल्याची खूण नाही. जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेली गव्हाची रोटी, शिवाय माती खायची सवय. असे आणखी रुग्ण सापडत गेले. 1961 मध्ये प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि यामागे झिंकची कमतरता असावी असं मांडलं. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी ते मोजून दाखवलं. माणसाला झिंक कमी पडू शकतं ही कल्पनाच तेव्हा अनेकांना पटत नव्हती.

तुर्कस्तानात अंकारा विद्यापीठाच्या डॉ. आयहान चावदार यांनी माती खाणाऱ्या खुरट्या मुलांमध्ये हेच पाहिलं. म्हणजे डॉक्टरांना माहीत होतं की अनातोलियाच्या खेड्यांतल्या मुलांना झिंक कमी पडतंय. ती मुलं खात असलेला गहू ज्या जमिनीत उगवतो त्या जमिनीचं काय, हा प्रश्न मात्र डॉक्टरांच्या कक्षेबाहेरचा होता.

जमिनीचा इशाराही आला होता. फिनलंडच्या मदतीने अन्न आणि कृषी संघटनेने 30 देशांतल्या मातीचा आणि पिकांचा अभ्यास केला, मिक्को सिलानपा यांनी तो 1982 मध्ये प्रसिद्ध केला. झिंकच्या बाबतीत तळाला असलेल्या देशांत तुर्कस्तान होता. अहवाल छापून झाला. तरी कोन्याच्या शेतकऱ्याच्या खताच्या पोत्यात काहीच बदललं नाही.

नाटोचे पैसे आणि गहू

मध्य अनातोलिया म्हणजे तुर्कस्तानचं गव्हाचं कोठार. पठार उंच, हिवाळा कडक, पाऊस बेताचा, जमीन चुनखडीची. अशा ठिकाणी गहू खुरटला तर दोष हवामानाला देणं सोपं असतं.

इस्माईल चाकमाक हे तुर्की शास्त्रज्ञ जर्मनीत होहेनहाइमला होर्स्ट मार्श्नर यांच्याकडे शिकले. वनस्पती पोषणात मार्श्नर हे फार मोठं नाव. परत येऊन चाकमाक अदानाच्या चुकुरोवा विद्यापीठात रुजू झाले आणि झिंकवर काम करू लागले. 1993 मध्ये त्यांच्या पुढाकाराने एक प्रकल्प उभा राहिला आणि पैसे आले कुठून? नाटोकडून. हो, तीच लष्करी संघटना. तिचा "सायन्स फॉर स्टॅबिलिटी" नावाचा कार्यक्रम होता, तुर्कस्तान, ग्रीस आणि पोर्तुगाल या सदस्य देशांत विज्ञानाची क्षमता वाढवण्यासाठी. रणगाडेवाल्यांच्या पैशातून गव्हाच्या पानावरचे चट्टे तपासले गेले, याची मला अजून मौज वाटते.

पण पैशापेक्षा प्रकल्पाची बांधणी जास्त महत्त्वाची. चुकुरोवा विद्यापीठाकडे प्रयोगशाळा होती. कोन्या आणि एस्किशेहिर इथल्या सरकारी संशोधन संस्थांकडे त्या पठारावरची खरी शेतं होती. मेक्सिकोतल्या सिमिट या आंतरराष्ट्रीय गहू-मका संशोधन संस्थेकडे वाणांचा खजिना होता. कल्पना करा, एकट्या विद्यापीठाने हे केलं असतं तर कुंडीतल्या रोपांवर एक सुंदर निबंध निघाला असता. एकट्या पैदासकारांनी केलं असतं तर ते झिंक सोसणारं वाण शोधत बसले असते आणि जमीन उपाशीच राहिली असती.

शेतावर गेल्यावर दोन गोष्टी लख्ख दिसल्या. पहिली, झिंक टाकलेला पट्टा आणि न टाकलेला पट्टा यातला फरक काही ठिकाणी इतका होता की बांधावरून दिसावा. दुसरी, सगळी पिकं सारखी सोसत नाहीत. राय सगळ्यात चिवट, साधा गहू मधला, आणि शेवया-पास्त्यासाठीचा ड्युरम गहू, ज्याला आपण बन्सी म्हणतो, तो सगळ्यात नाजूक. देशभरातल्या नमुन्यांवरून अंदाज निघाला की तुर्कस्तानच्या लागवडीखालच्या निम्म्या जमिनीत, म्हणजे सुमारे 1 कोटी 40 लाख हेक्टरवर, झिंक कमी आहे.

इथे बऱ्याच प्रकल्पांचा शेवट होतो. अहवाल, परिषद, फोटो. तुर्कस्तानात पुढचं पाऊल पडलं, कारण खत कारखाने सोबत होते. शेतकऱ्याला वेगळी पिशवी आणा, वेगळं मोजा, वेगळं टाका असं सांगण्याऐवजी नेहमीच्या मिश्रखतातच 1 टक्का झिंक घातलं गेलं. 20-20-0 होतं, ते 20-20-0 अधिक झिंक झालं. पोतं तेच, पेरणी यंत्र तेच, सवय तीच. सुरुवातीला जवळपास शून्य असलेला झिंकयुक्त खतांचा वापर पुढे वर्षाला सुमारे 4 लाख टनांपर्यंत गेला. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात हुशार तंत्रज्ञान कुठलं असेल तर हेच. शेतकऱ्याच्या कामात एकही नवी पायरी वाढवायची नाही.

उत्पादन वाढलं, पण पोळीत किती आलं?

आता गाठ येते. झिंक देण्याच्या पद्धतींची तुलना झाली : जमिनीत टाकणं, बियाण्याला लावणं, पानावर फवारणं, आणि जमिनीत टाकून वर फवारणं. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांतून असं दिसलं की उत्पादन वाढवायचं तर जमिनीतून देणं चांगलं. दाण्यातलं झिंक वाढवायचं तर मात्र फवारणी हवी. दोन्ही हवं असेल तर दोन्ही करा.

चाकमाक पुढे इस्तंबूलच्या सबांजी विद्यापीठात गेले आणि 2008 पासून "हार्व्हेस्टझिंक" नावाची मोठी भागीदारी सुरू झाली. हार्व्हेस्टप्लस ही पोषक वाणांवर काम करणारी संस्था, खत कंपन्या आणि जस्त उद्योगाची संघटना यांचे पैसे, आणि अनेक देशांतल्या विद्यापीठांची शेतं. गव्हाच्या चाचण्यांचे जे निकाल 2012 मध्ये आले त्यात सात देश होते : भारत, पाकिस्तान, चीन, कझाकस्तान, तुर्कस्तान, झांबिया, मेक्सिको. जमीन वेगळी, हवा वेगळी, वाण वेगळं, पण पद्धत एकच. जमिनीतून दिलेल्या झिंकने दाण्यातलं प्रमाण सरासरी 12 टक्क्यांच्या आसपास वाढलं. फवारणीने ते किलोला 27 मिलिग्रॅमवरून 48 वर गेलं.

खत कंपन्यांनी पैसे दिले म्हटल्यावर तुमच्या भुवया उंचावल्या असतील. माझ्याही उंचावल्या होत्या. ज्याला झिंक विकायचंय त्याच्याच पैशाने झिंकची चाचणी? म्हणून अशा भागीदारीत मी तीन गोष्टी बघतो. झिंक न दिलेला पट्टा प्रत्येक ठिकाणी शेजारी आहे का. पद्धत आधी ठरलेली आणि सगळीकडे सारखी आहे का. आणि विकणाऱ्याला न आवडणारा निकालही छापला गेलाय का. या तिसऱ्या कसोटीवर ही भागीदारी मला पटते, कारण तिच्या निकालात सरळ दिसतं की बहुतेक ठिकाणी उत्पादन फारसं वाढलं नाही.

आणि खरी अडचण नेमकी तिथेच आहे. उत्पादन वाढलं नाही म्हणजे शेतकऱ्याच्या हातात काही आलं नाही. त्याने ओंबी निघाल्यावर, दाणा चिकावर असताना, एकरी 200 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट मिसळून अर्ध्या टक्क्याची फवारणी केली. माल लागला, मजुरी लागली, दिवस गेला. फायदा कुणाला? त्या गव्हाची पोळी खाणाऱ्या पोराला. ते पोर कदाचित त्याच्या घरचं नसेलही.

फायदा छोटा नाही. दिवसाला 300 ग्रॅम आटा पोटात जात असेल तर 27 च्या गव्हातून 8 मिलिग्रॅम झिंक मिळतं, 48 च्या गव्हातून 14. आयसीएमआरने 2020 मध्ये प्रौढ पुरुषासाठी दिवसाला 17 मिलिग्रॅमची शिफारस केली आहे, त्याच्या शेजारी हे आकडे ठेवून बघा. अर्थात खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. गव्हाच्या कोंड्यात फायटेट असतं, ते झिंकला धरून ठेवतं. पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं, शिराझची रोटी न आंबवलेली होती हे आठवा. म्हणून मैदा खावा का? नाही, कारण झिंक मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरातच असतं, मैद्यात तेच काढून टाकलेलं असतं.

फवारणीचा खर्च कमी करायला एक साधी युक्ती तपासली गेली : नाहीतरी कीटकनाशक किंवा बुरशीनाशक फवारायचंच आहे, तर त्याच टाकीत झिंक घाला. वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्यांत काही औषधांसोबत हे जमलं, लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञही त्या कामात होते. पण यावरून कुठल्याही औषधात झिंक ओतू नका. विद्राव्य स्फुरदयुक्त खतासोबत तर नकोच, टाकीत साका बसतो आणि नोझल तुंबतं. आधी बादलीत थोडं मिसळून बघा, कृषी सहायकांना विचारा.

वाण की खत?

दुसरा रस्ता वाणाचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस 4028 हा बन्सी गहू दिला आहे, त्यात झिंक सुमारे 40 पीपीएम. इथे शेतकऱ्याला वेगळी फवारणी नाही, बियाणंच काम करतं. मग खतवाल्यांची गरज संपली का? वाण झिंक तयार करत नाही, जमिनीतून जास्त ओढून दाण्यात भरतं. जमिनीत मिळण्याजोगं झिंकच नसेल तर ते ओढणार कुठून? त्यात बन्सी झिंकच्या बाबतीत नाजूक, हे अनातोलियात दिसलंच आहे. म्हणून पैदासकार आणि मृदाशास्त्रज्ञ यांनी एकमेकांच्या शेतात उभं राहणं अजूनही गरजेचं आहे.

तुमचा अहवाल झिंक कमी दाखवत असेल तर साधारण शिफारस एकरी 10 किलो झिंक सल्फेटची असते, त्यात 21 टक्के म्हणजे 2.1 किलो झिंक. वरचे 43 ग्रॅम आठवतात? एवढा फरक का, कारण बरंचसं मातीत अडकतं. ते सगळं वाया जात नाही, पुढच्या काही पिकांनाही थोडं थोडं मिळत राहतं. त्यामुळे अहवाल न बघता दर हंगामाला टाकत राहू नका.

राहिला प्रश्न पैशाचा. फिनलंडने 1980 च्या दशकात आपल्या मिश्रखतांत सेलेनियम घालायचं ठरवलं ते माणसांच्या आणि जनावरांच्या आहारात ते कमी होतं म्हणून, उत्पादनासाठी नाही. निर्णय सरकारचा, त्यामुळे एकट्या शेतकऱ्यावर भार आला नाही. आपल्याकडे अनुदानित खतात झिंक घातलं तर सरकार टनामागे 500 रुपये जादा देतं. 50 किलोच्या गोणीला 25 रुपये. हे झिंक जमिनीतून जातं, म्हणजे मुख्यतः उत्पादनाच्या बाजूने. दाण्यातल्या झिंकला बाजार समितीत भाव नाही. तिथे ओलावा बघतात, काडीकचरा बघतात, दाण्याची चमक बघतात. झिंक डोळ्यांना दिसत नाही आणि रासायनिक पृथक्करणाला वेळ लागतो. मात्र पैदासकार आता हजारो नमुने एक्स-रे फ्लुओरेसन्सच्या यंत्राने चाळतात. दाणे कपात भरायचे, यंत्रात ठेवायचे, काही मिनिटांत आकडा येतो, आणि दाणा तसाच्या तसा परत मिळतो. हे यंत्र अजून संशोधन संस्थांतच आहे. ते खरेदी केंद्रावर आलं आणि 40 च्या वरच्या गव्हाला क्विंटलमागे चार पैसे जास्त मिळू लागले, तर चिकावरच्या फवारणीचा हिशोब शेतकरी स्वतःच मांडेल.